आंग्रे, मानाजी
(मृत्यू १७५८). कुलाब्याचे आंग्रे, कान्होजी आंग्रे यांचे पुत्र. १७३३ मध्ये भाऊ सेखोजी यांच्या मृत्यूनंतर सरखेलपद (आरमारप्रमुखाचे पद) दुसरे भाऊ संभाजी यांच्याकडे गेले आणि भाऊबंदकी उफाळली. मानाजींनी रेवदंड्याच्या पोर्तुगीजांची मदत घेऊन अलिबागचा कुलाबा किल्ला घेतला व तेथे असलेला भाऊ येसाजी याचे डोळे काढून त्यास कैदेत टाकले. पोर्तुगीजांना कबूल केलेला मुलूख मात्र दिला नाही. तेव्हा तेच पोर्तुगीज संभाजींना मिळाले. मानाजी आता पेशव्यांकडे वळले. १७३५ मध्ये पहिल्या बाजीरावांनी घर वाटून दिले : कुलाबा व ‘वजारतमाब’ किताब मानाजींना, सरखेलपद व दक्षिणेकडील किल्ले संभाजींना. यात पेशव्यांचाही स्वार्थ होताच, कारण दुभंगलेले आरमार डोईजड होत नाही. १७४० मध्ये संभाजी कुलाब्यावर चालून आले, तेव्हा पेशव्यांच्या फौजेने व इंग्रजांनी मानाजींना वाचविले.

मानाजींचा शब्द विश्वासाचा नव्हता; त्यांची गरज मात्र ओळखता येत असे. पेशव्यांनी शपथांपेक्षा तिच्यावरच भिस्त ठेवली. मानाजींनंतर कुलाबा त्यांचे पुत्र रघूजी यांच्याकडे गेला. इंग्रजांनी १८४० मध्ये संस्थान खालसा केले.