पाण्यानं पाणी उपसायचं

नोव्हेंबर 2012 मधली गोष्ट. न्यू जर्सीहून धाकट्या भावाचा फोन आला. 29 ऑक्टोबरला सँडी वादळ तिथल्या किनाऱ्यावर धडकलं होतं. त्याच्या घरी पाच दिवस वीज नव्हती. तरी स्वारी खुशीत होती! "दादा, या खेपेला तळघर कोरडं राहिलं," म्हणाला.

तिकडच्या बऱ्याच घरांना तळघर असतं आणि जमिनीतलं पाणी त्यात झिरपतं. म्हणून तळघराच्या कोपऱ्यात खड्डा करून त्यात विजेचा पंप बसवतात. पाणी चढलं की आपल्या कूलरमध्ये असतो तसा फ्लोट वर येतो, पंप चालू होतो आणि पाणी घराबाहेर. पण धो धो पाऊस आणि वीज जाणं ही जोडी ठरलेलीच. ऑगस्ट 2011 मध्ये आयरीन वादळात तेच झालं. पंप बंद, तळघरात गुडघाभर पाणी. अण्णांनी त्याला वीस वर्षं लिहिलेली पत्रं खालच्या खोक्यात होती. शाईची पत्रं ती, काय उरणार?

त्यानंतर त्यानं दुसरा पंप बसवून घेतला. हा विजेवर नाही, नळाच्या पाण्यावर चालतो. मी आईला हे समजावून सांगितलं. तिनं एकच विचारलं, "म्हणजे प्यायच्या पाण्यानं पाणी फेकून देतो?"

त्या दिवशी आमच्या गल्लीत टँकरची वाट बघणं चालू होतं. जालन्याला पाणी देणारा घाणेवाडीचा तलाव आटला होता. मला काही उत्तर सुचलं नाही.

नंतर मात्र प्रश्न डोक्यातून जाईना, म्हणून थोडं वाचलं. या पंपाला ना मोटर, ना फिरणारं चाक. नळाचं पाणी दाबानं एका अरुंद तोंडातून सोडायचं. वाट अरुंद झाली की वेग वाढतो आणि तिथला दाब उतरतो. त्या ओढीनं खड्ड्यातलं पाणी वर खेचलं जातं आणि दोन्ही पाणी मिळून बाहेर पडतं. वेग आणि दाबाचं हे नातं बर्नुलीनं 1738 च्या पुस्तकात मांडलं. अरुंद वाटेवरचे प्रयोग इटलीच्या व्हेंच्युरीनं 1797 मध्ये छापले. चांगला दाब असेल तर नळाच्या एका लिटरमागे खड्ड्यातलं साधारण दोन लिटर पाणी निघतं.

व्हेंच्युरी हे नाव वाचलं आणि हसू आलं. आमच्याकडच्या मोसंबीवाल्याला विचारा! ठिबकमधून खत सोडायला तो जी व्हेंच्युरी लावतो, ती हीच. भावानं डॉलर मोजून घरात बसवलं ते इथं बांधावर लोळत असतं.

पण पाण्याच्या जोरावर काम करून घेणं आपल्याकडे व्हेंच्युरीच्याही आधीचं. औरंगाबादची (आता छत्रपती संभाजीनगर) पाणचक्की आपण सगळ्यांनी शाळेच्या सहलीत पाहिलेली आहे. शहराच्या उत्तरेकडच्या डोंगरातलं पाणी मातीच्या नळांतून कित्येक किलोमीटर आणलं, उंच भिंतीवर चढवलं आणि हौदात सोडलं. त्याच पाण्यावर पात्यांचं चाक फिरायचं, वर जातं फिरायचं आणि दर्ग्यात येणाऱ्यांसाठी पीठ निघायचं. हे काम अठराव्या शतकातलं. त्याच्याही शंभर-सव्वाशे वर्षं आधी मलिक अंबरनं खडकी गावासाठी नहर आणली होती.

आणि आपलं जालना? मलिक अंबरच्याच काळात इथला कारभार जमशेदखानाकडे होता. त्यानं मोती तलाव बांधला आणि जमिनीखालून नळ टाकून गावातल्या हौदांपर्यंत पाणी आणलं. मुख्य हौद सराईच्या चौकात होता. ना वीज, ना इंजिन. तलाव वर, गाव खाली, एवढंच भांडवल! निजामाच्या काळातल्या घाणेवाडीचं पाणीही असंच उतारानं गावात आलं.

मग हे मागे का पडलं? गाव वाढलं, तलावात गाळ साचला. विजेची मोटर आल्यावर उताराचा हिशोब ठेवायची गरज कुणाला वाटेना. आता पैठणचं जायकवाडीचं पाणी पंपानं चढवून जालन्यात आणावं लागतं. घरी नळ आला की आपण त्यालाही मोटर लावून खेचतो. मी खेचलं की शेजारच्याचा नळ कोरडा. वर फुटक्या पाइपातून गटारीचं पाणी आत ओढलं जातं ते वेगळंच. भावाच्या पंपातही हीच भीती असते, म्हणून तिथं घाण पाणी उलटं पिण्याच्या लाइनीत शिरू नये यासाठी खास झडप बसवतात. आपण मात्र बिनधास्त!

विचार करता करता एक गोष्ट लक्षात आली. भाऊ म्हणतो, माझा पंप विजेवर चालत नाही. पण त्याच्या नळाला दाब येतो कुठून? गावाच्या उंच टाकीतून. त्या टाकीत पाणी कुणीतरी विजेनंच चढवलेलं असतं, आणि तिथं वीज गेली तर जनरेटर असतो. ज्यांच्या घरी स्वतःच्या बोअरचं पाणी, त्यांना हा पंप उपयोगाचा नाही, कारण वीज गेली की बोअरही गप्प. म्हणजे उचलण्याचं काम टळत नाहीच, ते फक्त आधी आणि दुसरीकडे झालेलं असतं. जमशेदखानाला ती उंची जमिनीनं दिली. बाकीच्यांना ती विकत घ्यावी लागते.

हे सगळं मी आईला सांगितलं. तिनं शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, "वर्षातून दोनदाच चालत असेल तर चालू दे बाबा. पण हा पंप आधी असता तर अण्णांची पत्रं राहिली असती."

खरं आहे. पत्रांसाठी मीही दोन हंडे पाणी फेकलं असतं... टँकरच्या रांगेत उभं राहून आणलेलं असलं तरी.

भाऊ पुढे सुट्टीत आला तेव्हा त्याला मोती तलावावर घेऊन गेलो. जमशेदखानाचे नळ कुठून गेले असतील याचा अंदाज करत आम्ही दोघं बांधावर बराच वेळ उभे होतो. उतार अजून तसाच आहे.