बोंगो: खिळ्यापासून पेचापर्यंत

हिंदी सिनेमाच्या गाण्यांमुळे बोंगो आपल्या कानांना ओळखीचा आहे. त्याचे माहेर मात्र पूर्व क्युबा. तिथे गुलामगिरी १८८६मध्ये संपली. आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्यांच्या वंशजांमध्ये हे वाद्य एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आकाराला आले.

दोन छोटे ढोल, तळ उघडे आणि मध्ये जोडणारा ठोकळा, एवढीच त्याची रचना. लहान तो ‘माचो’ म्हणजे नर, मोठी ती ‘एम्ब्रा’ म्हणजे मादी. वादक बसून ही जोडी गुडघ्यांत धरतो आणि बोटांनी वाजवतो.

हाताने घडवलेल्या जुन्या बोंगोचे कातडे खिळ्यांनी ठोकलेले असे. दमट हवेत ते सैल पडे. मग विस्तवावर शेकून सूर चढवायचा. गाणे लांबले की सूर पुन्हा उतरे. पुढे लोखंडी कडे आणि पेच आले. आपण तबल्याचे गठ्ठे ठोकतो, तसा तिथे पाना फिरवून सूर लागू लागला. फाटलेले कातडे बदलणेही सोपे झाले. वजन मात्र वाढले, आणि कडे उंच बसले तर बोटांना टोचू लागले.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हवानातील प्रतिष्ठितांना हे वाद्य हलके वाटे. पोलीस असे ढोल जप्तही करत. १९२०च्या दशकात ‘सेक्स्तेतो आबानेरो’सारख्या संघांच्या तबकड्या गाजल्या, आणि तोच बोंगो क्युबाची ओळख ठरला.

कातडे ताणण्याची रीत बदलली. जोडी, ठोकळा आणि उघडा तळ मात्र त्या गरीब कारागिरांचाच राहिला.