फुफ्फुसाचा कॅन्सर: ऑपरेशनआधी छातीतल्या गाठी का तपासतात?

फुफ्फुसाच्या कॅन्सरमध्ये ऑपरेशनचा निर्णय फक्त ट्यूमरच्या आकारावर ठरत नाही. छातीतल्या लिम्फ नोड्समध्ये, म्हणजे लसिका ग्रंथींमध्ये, तो पसरलाय का हेही बघावं लागतं. विरुद्ध बाजूच्या ग्रंथींपर्यंत पोहोचला असेल, तर ती एन-३ स्टेज. तेव्हा सहसा ऑपरेशन करत नाहीत.

पेट स्कॅनमध्ये ग्रंथी चमकली म्हणजे कॅन्सरच, असं नाही. टीबीमुळेही ती चमकते. म्हणून नमुना लागतो. पूर्वी त्यासाठी प्रामुख्याने गळ्याशी छेद घेऊन मीडियास्टिनोस्कोपी करत. आता ‘ईबस’मध्ये तोंडावाटे श्वासनलिकेत दुर्बीण घालतात. तिच्या टोकावरच्या सोनोग्राफीत ग्रंथी दिसते आणि बारीक सुईने पेशी काढतात. छेद नाही, टाके नाहीत.

मात्र रिपोर्ट निगेटिव्ह येऊनही संशय उरला, तर मीडियास्टिनोस्कोपी करावी लागू शकते.