भिंगाआधी बैठक

शाळेसाठी दुर्बीण घ्यायची ठरली की शिक्षकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "किती पट मोठं दिसेल?" दुसरा प्रश्न भिंगाचा किंवा आरशाचा व्यास किती, हा. दुर्बीण उभी कशावर राहणार, हे मात्र सहसा कोणी विचारत नाही.

काही वर्षांपूर्वी एका तालुक्याच्या गावातील शाळेत आकाशदर्शनाला गेलो होतो. वर्गणी काढून घेतलेली नवी दुर्बीण मैदानात मांडली होती. खोक्यावर मोठ्या वर्धनाचा आकडा होता. तिकाटणे मात्र काटकुळे. शनी दाखवायचा होता. दुर्बिणीला मुलाचा नुसता हात लागला तरी शनी थरथरू लागे. थरथर थांबेपर्यंत तो दृष्टिक्षेत्राबाहेर निघून गेलेला असे. तासाभरात चाळीस मुलांपैकी जेमतेम दहा जणांना कडी दिसली. "भिंगच सदोष निघालं," असे म्हणत सर खिन्न झाले. भिंग तपासले, ते उत्तम होते. दोष होता तो बैठकीत.

या अडचणीचा इतिहास जुना आहे. आकाशाचे छायाचित्रण बऱ्याच अंशी बैठकीमुळेच अडले आणि बैठक सुधारली तसे ते पुढे सरकले.

अमेरिकेतील हार्वर्ड वेधशाळेत १७ जुलै १८५० रोजी विल्यम बाँड आणि छायाचित्रकार जॉन व्हिपल यांनी १५ इंची दुर्बिणीतून अभिजित ताऱ्याचे छायाचित्र घेतले. सूर्याखेरीज अन्य ताऱ्याचे हे पहिले छायाचित्र. चांदीचा मुलामा दिलेल्या पत्र्यावर १०० सेकंद प्रकाश पडू द्यावा लागला. अभिजित अतिशय तेजस्वी आहे. मंद ताऱ्यांसाठी याहून पुष्कळ जास्त वेळ लागणार होता, आणि तेवढा वेळ दुर्बीण एकसारखी फिरवणे तिच्या घड्याळी यंत्रणेला जमत नव्हते. काम थांबले. पुढे नवी यंत्रणा बसवल्यावर, १८५७ मध्ये, ते पुन्हा सुरू झाले.

दुर्बीण फिरवायची कशासाठी? पृथ्वी स्वतःभोवती फिरते, म्हणून तारे तासाला सुमारे १५ अंश सरकताना दिसतात. दुर्बीण ज्या अक्षाभोवती फिरते तो पृथ्वीच्या अक्षाला समांतर ठेवला आणि २३ तास ५६ मिनिटांत एक फेरा या गतीने फिरवला, तर तारा जागचा हलत नाही. अशा बैठकीला विषुववृत्तीय बैठक म्हणतात. सांगायला सोपे, करायला अवघड!

१८७१ मध्ये रिचर्ड मॅडॉक्स या इंग्रज डॉक्टरांनी जिलेटिनच्या कोरड्या काचेची कृती प्रसिद्ध केली. त्याआधीच्या काचा ओल्या असतानाच वापराव्या लागत, त्यामुळे हाती मोजकीच मिनिटे मिळत. कोरडी काच तासन् तास उघडी ठेवता येऊ लागली. आता रसायनाची अडचण राहिली नाही; सगळा भार बैठकीवर आला.

३० सप्टेंबर १८८० रोजी न्यूयॉर्कजवळ हेन्री ड्रेपर यांनी ११ इंची दुर्बिणीतून सुमारे ५० मिनिटांत मृग नक्षत्रातील तेजोमेघाचे छायाचित्र घेतले. तेजोमेघाचे हे पहिले छायाचित्र. ड्रेपर शिक्षणाने डॉक्टर. खगोलशास्त्र हा त्यांचा छंद.

दुसरे हौशी निरीक्षक अँड्र्यू कॉमन. व्यवसायाने ते स्वच्छता-अभियंता होते. लंडनजवळ ईलिंग येथे स्वतःच्या घराच्या बागेत त्यांनी ३६ इंची आरशाची दुर्बीण उभारली. आरसा जॉर्ज कॅल्व्हर यांच्याकडून घेतला, बैठक मात्र स्वतः आखली. अवजड दुर्बिणीच्या अक्षाचे घर्षण कमी व्हावे म्हणून त्यांनी तो पोकळ अक्ष पाऱ्यावर तरंगता ठेवला. ३० जानेवारी १८८३ रोजी त्यांनी त्याच तेजोमेघावर ३७ मिनिटे दुर्बीण रोखली. काचेवर असे तारे उमटले की जे त्या दुर्बिणीतून डोळ्यालाही दिसत नव्हते. पुढच्याच वर्षी त्यांना रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीचे सुवर्णपदक मिळाले.

या यशात बैठकीचा वाटा किती, याचा हिशोब वर्गात करून घेता येईल. आरशाचे नाभीय अंतर सुमारे ५.३ मीटर. तारा सेकंदाला १५ विकला, म्हणजे ०.००००७३ रेडियन सरकतो. दोन्हींचा गुणाकार केला की प्रतिमा सेकंदाला सुमारे ०.३९ मिलीमीटर सरकते. ३७ मिनिटे म्हणजे २,२२० सेकंद. दुर्बीण स्थिर ठेवली असती, तर प्रतिमा ८५ सेंटिमीटरहून जास्त घसरत गेली असती! तिला मिलीमीटरच्या लहानशा अंशातच रोखून धरायचे होते.

पुढे ही दुर्बीण एडवर्ड क्रॉसली यांनी विकत घेतली आणि १८९५ मध्ये कॅलिफोर्नियातील लिक वेधशाळेला दिली. आरसा तोच. पण अक्षाचा कल इंग्लंडच्या अक्षांशासाठी केलेला, सुमारे ५२ अंशांचा. लिक वेधशाळा ३७ अंशांवर. जेम्स कीलर यांनी १८९८ पासून तिच्यावर काम सुरू केले, तेव्हा त्यांचा बराच वेळ खांब, अक्ष आणि घड्याळी यंत्रणा ठाकठीक करण्यात गेला. ते जमल्यावर काचेमागून काच भरत गेली. या दुर्बिणीच्या टप्प्यात सुमारे १,२०,००० तेजोमेघ असावेत आणि त्यांतील बरेचसे सर्पिल असावेत, असा अंदाज त्यांनी मांडला. ते सर्पिल तेजोमेघ म्हणजे आपल्या आकाशगंगेसारख्या स्वतंत्र दीर्घिका आहेत, हे १९२० च्या दशकात कळले.

अक्षाचा कल स्थळाच्या अक्षांशाइतका हवा, हा नियम आपल्यालाही लागू आहे. पुण्याला तो साडेअठरा अंश, नागपूरला सुमारे २१. थंड देशांसाठी बनवलेली बैठक इतकी खाली झुकते का, हे विकत घेण्यापूर्वी पाहावे.

आज काचेची जागा डिजिटल संवेदकाने घेतली आहे. छोटी छोटी बरीच छायाचित्रे घेऊन संगणकावर ती एकत्र करता येतात. त्यामुळे बैठकीवरचा भार हलका झाला, पण संपला नाही.

खर्च न करता हे अनुभवायचे असेल, तर दोन फळ्या एका बाजूला बिजागरीने जोडा. बिजागरीचा दांडा ध्रुवताऱ्याकडे रोखून खालची फळी पक्की बसवा. बिजागरीपासून २२.९ सेंटिमीटरवर खालच्या फळीत नट बसवून त्यातून ६ मिलीमीटर जाडीचा, १ मिलीमीटर अंतराच्या आट्यांचा बोल्ट वर आणा. त्याच्या टोकावर वरची फळी टेकू द्या. बोल्ट मिनिटाला एक फेरा फिरवला की वरची फळी ताऱ्यांच्या गतीने उघडते. तिच्यावर साधा कॅमेरा लावा आणि दोन-तीन मिनिटांचे छायाचित्र घ्या. मग बोल्ट न फिरवता तेवढ्याच वेळाचे दुसरे घ्या. पहिल्यात ठिपके, दुसऱ्यात रेघा! दोन्ही वर्गात शेजारी लावली, की पृथ्वी फिरते हे वेगळे सांगावे लागत नाही.

त्या तालुक्याच्या शाळेने पुढे नवी दुर्बीण घेतली नाही. गावातल्या सुताराकडून जाड लाकडाचे, बुटके तिकाटणे करून घेतले. पुढच्या हिवाळ्यात सरांचे पत्र आले: भिंग तेच आहे, शनी आता सगळ्यांना दिसतो.