‘ओके’ म्हणजे नेमकं काय?

 

आज लढाई नाही, किल्ला नाही. आज एका शब्दाचा इतिहास. तुम्ही आज सकाळपासून तो दहा वेळा तरी बोलला असाल. ‘ओके’.

याचा जन्म एका थट्टेतून झाला. १८३०च्या दशकात अमेरिकेतल्या बोस्टनच्या वर्तमानपत्रांत मुद्दाम चुकीचं स्पेलिंग करून त्याची आद्याक्षरं छापायची टूम निघाली होती. ‘ऑल करेक्ट’चं केलं ‘ऑल कोरेक्ट’, आणि त्याचं ‘ओ.के.’. २३ मार्च १८३९ रोजी ते ‘बोस्टन मॉर्निंग पोस्ट’मध्ये छापून आलं. ॲलन वॉकर रीड या अभ्यासकाने जुनी वर्तमानपत्रं चाळून १९६०च्या दशकात हा माग काढला.

अशा टुमा येतात आणि जातात. हा शब्द टिकला तो निवडणुकीमुळे. राष्ट्राध्यक्ष मार्टिन व्हॅन ब्युरेन हे न्यूयॉर्क राज्यातल्या किंडरहूक गावचे. १८४०च्या निवडणुकीत त्यांच्या समर्थकांनी ‘ओल्ड किंडरहूक’ म्हणून ‘ओके क्लब’ काढले. व्हॅन ब्युरेन हरले, शब्द मात्र जिंकला. पुढे तारायंत्रवाल्यांनी ‘संदेश मिळाला’ म्हणून तो उचलला आणि तो जगभर गेला. आपल्याकडे तर ट्रकच्या पाठीवर ‘हॉर्न ओके प्लीज’ होऊन बसला.

आता गंमत बघा. मूळ अर्थ ‘सगळं बरोबर’. आज ओके म्हणजे ऐकलं, समजलं, मान्य आहे, करतो, पुरे झालं, ठीकठाक आहे. सिनेमा कसा होता? ‘ओके होता’, म्हणजे फार बरा नव्हता!

लेफ्टनंट असताना मी याचा धडा घेतला. एका सरावात वायरलेसवरून एका तुकडीला नाला ओलांडून टेकडीवर यायला सांगितलं. उत्तर आलं, ‘ओके सर’. मी टेकडीवर पाऊण तास वाट बघतोय, तुकडी जागची हललेली नाही. निघण्याचा हुकूम वेगळा येईल, अशी त्या जवानाची समजूत. आमचे सुभेदार साहेब शांतपणे म्हणाले, “साब, उसने ओके सुनने का दिया था, चलने का नहीं.” चूक माझी होती. हुकूम परत म्हणवून घ्यायला हवा होता. वायरलेसवर ‘रॉजर’ आणि ‘विल्को’ हे दोन वेगळे शब्द उगाच नाहीत. रॉजर म्हणजे संदेश मिळाला. विल्को म्हणजे समजलं, आणि तसं करतो.

माझा पाऊण तास गेला. दुसरीकडे याची फार मोठी किंमत मोजावी लागली. २७ मार्च १९७७. स्पेनच्या टेनेरीफ बेटावरचा लॉस रोदेओस विमानतळ, दाट धुकं. धावपट्टीवर केएलएम आणि पॅन ॲम यांची दोन जंबो विमानं. उड्डाणाची परवानगी मिळालेली नसताना केएलएमच्या वैमानिकांनी, आम्ही आता टेकऑफवर आहोत, अशा अर्थाचं काहीतरी सांगितलं. नियंत्रक म्हणाला, “ओके”. क्षणभर थांबून, थांबा, मी कळवतो, असंही म्हणाला. पण त्याच वेळी पॅन ॲमचे वैमानिक बोलले, दोन आवाज एकमेकांवर आदळले आणि केएलएमच्या कॉकपिटमध्ये शिट्टीसारखा आवाज आला. स्वच्छ ऐकू गेला तो फक्त ‘ओके’. त्या टकरीत ५८३ माणसं गेली.

एकट्या या शब्दाने अपघात केला, असं मी म्हणणार नाही. धुकं होतं, घाई होती, विमानतळावर गर्दी होती. पण त्यानंतर हवाई संभाषणाचे नियम कडक झाले. ‘टेकऑफ’ हा शब्द प्रत्यक्ष परवानगीसाठी किंवा ती रद्द करण्यासाठीच राखून ठेवला गेला. महत्त्वाच्या सूचनेला नुसतं ‘ओके’ किंवा ‘रॉजर’ चालत नाही, ती शब्दशः परत म्हणून दाखवावी लागते.

परवा मुलीचा फोन आला. “बाबा, रक्तदाबाची गोळी?” मी म्हटलं, “ओके.” ती फौजीची पोर. लगेच म्हणाली, “ओके म्हणजे घेतली, की घेणार?”

मी उठलो आणि गोळी घेतली. पुढच्या भागात भेटू. जय हिंद!