वर्तणूक : चांगली

गेल्या महिन्यात माझा एक जुना विद्यार्थी मुलीला घेऊन घरी आला. ठिबकच्या नळ्यांचं दुकान चालवतो, वय पंचावन्नच्या आसपास. मुलगी पुण्याला मुलाखतीला जाणार होती आणि तिच्या अर्जात इंग्रजीतून एक प्रश्न होता : स्वतःचं वर्णन पाच विशेषणांत करा. चार झाली होती, पाचवं अडलं होतं. "आजोबा, तुम्ही शाळेत इंग्रजी शिकवत होता ना?" म्हणाली. शिकवत होतो खरा. पण आम्ही मराठी माध्यमाचे बी.ए., तर्खडकर आणि रेन-मार्टिनच्या जोरावर नोकरी केलेली माणसं. तिच्या हातात नॉर्मन लुईसचं जाड पुस्तक होतं. 1949 साली अमेरिकेत निघालेलं हे पुस्तक आपल्याकडे अजूनही स्पर्धा परीक्षेच्या प्रत्येक दुकानात दिसतं. त्याची सुरुवातच माणसांच्या स्वभावांपासून होते : इगोइस्ट, इगोटिस्ट, आल्ट्रुइस्ट, इंट्रोव्हर्ट, एक्स्ट्रोव्हर्ट, मिसँथ्रोप...

इगोइस्ट आणि इगोटिस्टमधला फरक मला तिच्याकडून नव्याने शिकावा लागला. पहिला आपमतलबी. दुसरा मतलबी असेलच असं नाही, पण बोलताना दर वाक्यात 'मी' आणतो. मिसँथ्रोपला पुस्तकी मराठीत मनुष्यद्वेष्टा म्हणतात, पण आमच्या आजीने एका शब्दात सांगितलं असतं, माणूसघाणा! मुलगी हसली आणि तिने तो शब्द पेन्सिलीने समासात लिहून घेतला.

मग ती सहज म्हणाली, "बाबांना सगळे घुम्या म्हणतात. पण इंग्रजीत ते इंट्रोव्हर्ट आहेत, हो ना?"

तिचा बाप जमिनीकडे बघत होता. मी चष्मा पुसायला घेतला. त्याचं कारण पुढे सांगतो.

त्या रात्री झोप लागेना, म्हणून पुस्तकं काढून बसलो. माणसाचा स्वभाव शब्दांत पकडायची खटपट फार जुनी आहे. इंग्रजीतला 'कॅरेक्टर' हा शब्द मुळात ग्रीक. त्याचा अर्थ कोरायचं हत्यार, आणि त्यावरून नाण्यावरचा ठसा. म्हणजे माणसावर उमटलेला, सहसा न पुसला जाणारा छाप. ॲरिस्टॉटलचा शिष्य थिओफ्रास्टस याने ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकात या नावाचं एक छोटं पुस्तक लिहिलं. त्यात तीस प्रकारची माणसं आहेत, आणि तीसही दोषांचीच : खुशामती, बडबड्या, कवडीचुंबक वगैरे. 'पर्सनॅलिटी'चं मूळ मात्र लॅटिनमधल्या 'पर्सोना'त, म्हणजे नाटकातल्या मुखवट्यात. एक शब्द ठशाचा, एक मुखवट्याचा.

1936 साली ऑलपोर्ट आणि ऑडबर्ट या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी वेबस्टरची मोठी डिक्शनरी पालथी घालून माणसाच्या स्वभाव-वागणुकीचे शब्द मोजले. भरले 17,953. एवढ्या शब्दांचं करायचं काय, असं मला पहिल्यांदा वाटलं होतं. इंट्रोव्हर्ट आणि एक्स्ट्रोव्हर्ट ही जोडी त्यामानाने अलीकडची. युंग या स्विस मानसशास्त्रज्ञाच्या 1921 च्या ग्रंथानंतर ती जगभर रुळली आणि मराठीत अंतर्मुख-बहिर्मुख होऊन आली.

पण आम्हा नेवासकरांना हे शोधायला अमेरिकेला जायचं कारण नाही. प्रवरेच्या काठी ज्या पैसाच्या खांबाला टेकून ज्ञानोबांनी गीता मराठीत सांगितली असं आपण मानतो, तो माझ्या घरापासून सायकलच्या टप्प्यावर आहे. ज्ञानेश्वरीची सांगता शके 1212, म्हणजे इसवी सन 1290 ची. तिचा तेरावा अध्याय उघडून बघा. गीतेत अमानित्व, अदंभित्व, अहिंसा, क्षांती, आर्जव अशी गुणांची नुसती यादी आहे. परीक्षेला पाठ करायला द्यावी तशी. ज्ञानोबा त्या यादीतल्या एकेका शब्दापाशी थांबतात. एकट्या अहिंसेला शंभरावर ओव्या आहेत! अहिंसक माणूस चालतो कसा, बघतो कसा, बोलतो कसा, हात कसा हलवतो, इथपर्यंत. मायेने पिलू तोंडात धरून नेताना त्याला दात जसे लागतात, तसं त्याचं पाऊल जमिनीला लागतं म्हणे. अमानित्व म्हणजे काय? तर कुणी स्तुती करू लागलं की पारध्याने कोंडलेल्या हरणासारखा जो कासावीस होतो, अंगी मोठी विद्वत्ता असूनही मोठेपणाच्या भीतीने जो वेडेपणाआड लपतो, तो माणूस. आणि अदंभित्वाला दिलेल्या दाखल्यांत एक आमच्या भागातला शेतकरीही आहे, पेरलेलं बी मातीखाली झाकून ठेवणारा. नुसता पाचर मारल्यासारखा शब्द ठोकून ते पुढे जात नाहीत. तो गुण असलेला माणूस आपल्यासमोर चालवून दाखवतात.

त्याहून मला गंमत वाटते ती अज्ञानाची. गीतेने एवढंच म्हटलं, की याच्या उलट ते अज्ञान. अर्ध्या ओळीत काम संपलं. ज्ञानोबांनी तिच्या दोनशेच्या आसपास ओव्या केल्या. मानाची वाट बघत बसणारा, विद्येचा पसारा मांडणारा, केलेल्या पुण्याची दवंडी पिटणारा. वाचताना आपल्या ओळखीचे दोन-चार चेहरे समोर येतातच, आणि जरा प्रामाणिक असलो तर आरशातलाही एक येतो. हे सांगणारा मुलगा त्या वेळी जेमतेम पंधरा-सोळा वर्षांचा होता. आमच्या दहावीच्या वर्गातल्या पोरांएवढा, हे मी वर्गात सांगायचो तेव्हा पोरांचा विश्वास बसायचा नाही.

पुढे इंग्रज आले आणि उलटा प्रवास सुरू झाला. कंपनीच्या फौजेतला मोल्सवर्थ आणि कॅंडी बंधू यांनी इथल्या पंडितांना हाताशी धरून 1831 साली मराठी-इंग्रजी कोश काढला. त्याची वाढवलेली दुसरी आवृत्ती 1857 ची. इंग्रजी-मराठी कोशही मोल्सवर्थनेच सुरू केला होता, तो टॉमस कॅंडीने पुरा केला आणि 1847 मध्ये छापला. हे काम किती अवघड असेल, याची कल्पना मला वर्गात आली. एक शब्द घ्या : भिडस्त. इंग्रजीत काय म्हणाल? शाय? शाय माणूस लाजतो, चारचौघांत जायला कचरतो. भिडस्त माणूस चारचौघांत खुशाल वावरतो, फक्त त्याला तोंडावर 'नाही' म्हणता येत नाही. उसने दिलेले पैसे मागता येत नाहीत. लग्नाच्या पंगतीत पाचवी जिलबी नको असते, तरी पानात पडते. भीड भिकेची बहीण म्हणतात, ते यातूनच. तसाच 'आतल्या गाठीचा'. तसाच 'बेरकी', ज्यात राग आणि कौतुक दोन्ही निम्मं निम्मं असतं. इरसाल, कोडगा, लोचट, तिरसट, फटकळ, चेंगट, सालस... हे शब्द पुस्तकात जन्मले नाहीत. ओट्यावर आणि बाजारात जन्मले, आणि बहुतेक वेळा समोरचा माणूस उठून गेल्यावर.

शाळेकडे मात्र एवढ्या श्रीमंत भाषेतून एकच शब्द आला. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर दोन रकाने असतात : प्रगती आणि वर्तणूक. प्रगतीत 'बरी' की 'समाधानकारक' एवढा तरी विचार व्हायचा. वर्तणुकीपुढे डोळे मिटून 'चांगली'. नोकरीच्या वर्षांत हा शब्द माझ्या हातून हजारो वेळा लिहिला गेला असेल. चोरून बोरं पाडणारा चांगली, वर्गातल्या पांगळ्या मुलाचं दप्तर रोज उचलणारा चांगली, मला तोंडावर उलटून बोललेला, तोही चांगली. त्यात दयाही होती. कागद पोराबरोबर जन्मभर जाणार, उगाच कशाला डाग लावा?

कागदावर जपला तो हात, तोंडावर नाही जपला.

1984 ची गोष्ट. नववीचा वर्ग, इंग्रजीचा तास. मागच्या बाकावरच्या एका मुलाला मी तीन-चारदा उभं केलं, तो एक अक्षर बोलेना. उत्तर येत नाही असंही म्हणेना. मी वैतागून म्हणालो, "हा घुम्याच दिसतोय." वर्ग हसला. मीही हसलो, हे सांगितलं पाहिजे. दुसऱ्या दिवसापासून तेच त्याचं नाव झालं. दहावीनंतर त्याचा दाखला मीच लिहिला, वळणदार अक्षरात, वर्तणूक चांगली. तो कागद त्याच्या कुठल्या तरी ट्रंकेत पडला असेल. दुसरा शब्द चाळीस वर्षं गावभर हिंडला, आणि आता त्याची मुलगी तो माझ्या घरात घेऊन आली होती.

चार दिवसांनी ती दोघं पुन्हा आली. या वेळी मी पुस्तक उघडायच्या आधी तिला सांगितलं, "बाळ, तुझ्या बाबांना ते नाव मी ठेवलं." ती माझ्याकडे बघतच राहिली. तो म्हणाला, "जाऊ द्या ना सर, लई दिवस झाले त्याला." मी विचारलं, "तेव्हा बोलला का नाहीस रे?" तो बराच वेळ गप्प बसला. सवयच ती. मग म्हणाला, "तुम्ही विचारलेलं येत होतं सर. पण मी बोललो की पोरं माझ्या बोलण्याला हसायची. वाडीवरचं बोलणं आमचं."

यावर मला कुठल्याच भाषेत शब्द सुचला नाही. हिने आतून चहा आणला, तो प्यालो.

पाचवं विशेषण राहिलंच होतं. मी बापालाच विचारलं, "तूच सांग, तुझी लेक कशी आहे?" तो पुन्हा थांबला आणि म्हणाला, "सोशिक आहे." आता सोशिकला इंग्रजीत काय लिहायचं? वीरकरांची डिक्शनरी काढली. मी पेशंट सुचवलं, तर मुलगी म्हणाली, "आजोबा, ते वाचून मला आजारी समजतील." टॉलरंट तिला आवडेना. तिघंही डिक्शनरीवर वाकलो होतो. शेवटी तिने तो रकाना तूर्त मोकळा ठेवला, कारण चारची एस.टी. गाठायची होती.