डन्स्टरचा सूतबाजार

इंग्लंडच्या नैर्ऋत्य भागांत, सॉमरसेट परगण्यांत, ब्रिस्टलच्या खाडीपासून थोड्याच अंतरावर डन्स्टर नांवाचें एक खेडें आहे. मागें एक्समूरचे उंचसखल माळ, पायथ्याशीं ॲव्हिल नांवाची चिमुकली नदी, एका टेंकडीवर झाडींतून डोकावणारा किल्ला, समोरच्या टेंकडीवर अठराव्या शतकांत केवळ शोभेसाठीं उभारलेला एक बुरूज, आणि या दोहोंच्या मध्यें रुंद हमरस्त्याच्या दुतर्फा वसलेलीं जुनीं घरें, असा हा देखावा आहे. सन २०११ च्या खानेसुमारींत येथील वस्ती हजारालाहि पोंचली नव्हती; परंतु उन्हाळ्याच्या दिवसांत या एका रस्त्यावर प्रवाशांची रीघ लागते.

रस्त्याच्या उत्तर टोंकाला, अगदीं भर वाटेंत, एक ठेंगणी अष्टकोनी इमारत उभी आहे. तिला यार्न मार्केट, म्हणजे सूतबाजार, असें म्हणतात. प्रवासी येतात, तिचें छायाचित्र घेतात, पावसाची सर आली तर तिच्या छपराखालीं घटकाभर उभे राहतात आणि मग चहाच्या दुकानाकडे वळतात. सुंदर खेड्यांतील एक सुंदर वस्तु, एवढीच तिची ओळख बहुतेकांच्या मनांत राहते. पण ज्यांनीं ती बांधली त्यांच्या मनांत सौंदर्याचा विचार फारसा नसावा. भिजलेलें सूत आणि भिजलेलें कापड यांना भाव येत नाहीं, हा रोकडा विचार त्या बांधकामाच्या मुळाशीं आहे.

इमारतीची रचना साधी आहे. मध्यभागीं एक भक्कम दगडी खांब. त्या खांबावर जाड लांकडी तुळयांचा सांगाडा. आणि त्या सांगाड्यावर पातळ फरशीचें सर्व बाजूंनीं उतरत आलेलें रुंद छप्पर. छपराच्या उतारांतून लहान लहान खिडक्या बाहेर डोकावतात. शेंड्यावर छोटीशी लांकडी मेघडंबरी असून तिच्यावर वाऱ्याची दिशा दाखविणारें निशाण फिरत असतें. उघडी छत्री मुठीवर उभी करावी, तसें एकंदर रूप दिसतें. कोणीकडूनहि आंत यावें, माल मांडावा, पाहावा, हातांत घेऊन चाचपावा आणि सौदा करावा, अशी ही सोय होती.

ही सोय कोणासाठीं केली गेली हें समजण्यासाठीं थोडें मागें गेलें पाहिजे. डन्स्टरला बाजार भरत असल्याचा दाखला निदान इ. स. १२२२ पर्यंत मागें जातो. भोंवतालच्या माळावर मेंढ्या चरत. नदीचें पाणी पाणचक्क्या फिरवीत असे. आणि त्या काळीं समुद्रहि गांवाला आजच्यापेक्षां अधिक जवळ होता. लोंकर, पाणी आणि जलमार्ग हीं तीन साधनें जेथें एकत्र आलीं तेथें कापडाचा धंदा वाढावा यांत नवल नाहीं. येथल्या जाड लोंकरी कापडाची ख्याति अशी झाली कीं, त्या जातीच्या कापडालाच लोक ‘डन्स्टर’ म्हणूं लागले. आपल्याकडे पैठणी म्हटलें कीं लुगडें डोळ्यांपुढें येतें, गांव मागाहून आठवतें. तसाच हा प्रकार.

या धंद्याची सांखळी मोठी लांब होती. मेंढपाळानें लोंकर कातरावी, ती धुवावी, विंचरावी. घरोघरच्या बायकांनीं व मुलींनीं तिचें सूत कातावें. तें सूत विणकरानें विकत घेऊन मागावर चढवावें. विणलेलें कापड पाणचक्कीच्या घणांखालीं ओलें करून कुटावें, म्हणजे त्याची वीण मिटून तें घट्ट होई. मग तें ताणून वाळवावें, रंगवावें आणि व्यापाऱ्याच्या हवालीं करावें. एका मागाला सूत पुरविण्यास अनेक कातणाऱ्या स्त्रिया लागत. त्यांचीं नांवें कोणत्याहि शिलालेखावर नाहींत. मात्र ज्या बाजाराला सुताचें नांव मिळालें, त्या नांवांत त्यांच्या कष्टाची आठवण राहून गेली आहे.

या कष्टांतून गांवांत पैसा खेळूं लागला. येथील सेंट जॉर्जच्या चर्चचा मनोरा त्याची साक्ष देतो. इ. स. १४४२ मध्यें त्या मनोऱ्याचें काम एका गवंड्यास मक्त्यानें देण्यांत आलें. उंचीच्या दर फुटामागें १३ शिलिंग ४ पेन्स असा दर ठरला होता. गांवाबाहेर ॲव्हिल नदीवर दगडी कमानींचा एक अरुंद पूल अजून उभा आहे. लोंकरीचीं ओझीं लादलेलीं तट्टें त्या काळीं अशाच पुलांवरून बाजाराकडे येत. मनोरा, पूल आणि सूतबाजार या तिन्हींचा जमाखर्च एकाच वहींतला आहे.

किल्ला व त्याखालचा मुलूख नॉर्मन विजयापासून मोहन नांवाच्या घराण्याकडे होता. इ. स. १३७६ मध्यें त्या घराण्यांतील लेडी जोन हिनें तो लेडी एलिझाबेथ ल्यूट्रेल हिला विकला. एका स्त्रीनें दुसरीस किल्ला विकावा हा व्यवहार त्या काळांत विरळाच म्हटला पाहिजे. पुढें याच ल्यूट्रेल घराण्यानें इ. स. १६०९ च्या सुमारास सूतबाजाराची इमारत उठविली. जमीनदाराला बाजाराच्या उत्पन्नांत वांटा असे. माणसें दुसऱ्या गांवच्या बाजाराकडे वळलीं तर त्याचेंहि नुकसान होई. तेव्हां गांवाची पेठ टिकावी व व्यापाऱ्यास निवारा मिळावा, या दोन्ही हेतूंनीं हें छप्पर उभें राहिलें.

याच १६०९ सालीं लंडनमध्यें पहिल्या जेम्स राजानें ईस्ट इंडिया कंपनीस नवी सनद दिली. त्याच्या आदल्या वर्षीं कंपनीचा हस्तक विल्यम हॉकिन्स सुरतेस उतरला होता, आणि १६०९ मध्यें तो आग्र्यास जहांगीर बादशहाच्या दरबारीं पोंचला. इंग्लंडजवळ परदेशांत विकण्याजोगा मुख्य माल त्या काळीं लोंकरीचें कापड हाच होता. आणि तें हिंदुस्थानांत खपावें अशी कंपनीची मोठी खटपट होती. बनात आणि सकलाद हे शब्द जुन्या मराठींत ज्या कापडाला लागले तें याच जातीचें. परंतु उष्ण देशांत जाड लोंकरीचा खप तो किती होणार? सरदारांच्या अंगरख्यापुरता, हत्तींच्या झुलींपुरता आणि तंबूंच्या सजावटीपुरता तो माल खपला. उलट हिंदुस्थानचें सुती कापड मात्र इंग्लंडांत घरोघर शिरलें. डन्स्टरसारख्या गांवांच्या पुढील दैवाशीं या गोष्टीचा संबंध आहे. तो पुढें येईलच.

त्याआधीं मात्र गांवावर युद्धाचें सावट आलें. पहिला चार्ल्स राजा व पार्लमेंट यांच्यांत इ. स. १६४२ मध्यें यादवी युद्ध पेटलें. किल्ल्याचा धनी टॉमस ल्यूट्रेल प्रथम पार्लमेंटच्या बाजूचा होता. पण १६४३ मध्यें त्यानें किल्ला राजाच्या पक्षाच्या स्वाधीन केला, आणि कर्नल फ्रान्सिस विंडम हा तेथें किल्लेदार झाला. १६४५ च्या नोव्हेंबरांत रॉबर्ट ब्लेक यानें पार्लमेंटच्या वतीनें किल्ल्यास वेढा घातला. हा ब्लेक सॉमरसेटमधल्याच ब्रिजवॉटर गांवच्या एका व्यापाऱ्याचा मुलगा. पुढें समुद्रावरील पराक्रमानें इंग्लंडच्या आरमाराच्या इतिहासांत त्याचें नांव अजरामर झालें. वेढा सुमारें पांच महिने चालला. अखेर १६४६ च्या एप्रिलमध्यें विंडमनें मानाच्या अटींवर किल्ला खालीं केला.

किल्ला टेंकडीवर, आणि बाजार त्याच्या दृष्टीच्या टप्प्यांत. वेढ्याच्या त्या दिवसांत तोफेचा एक गोळा सूतबाजाराच्या छपरांत घुसला व एका तुळईला आरपार भोंक पाडून गेला. तें भोंक आजहि दिसतें. मार्गदर्शक तें बोटानें दाखवितो आणि मुलें माना वर करून पाहतात. राजा खरा कीं पार्लमेंट खरें या वादांत त्या तुळईखालीं बसणाऱ्या विणकरांचें व सूत विकणाऱ्या बायकांचें मत कोणी विचारलें असेल असें वाटत नाहीं. गोळा मात्र त्यांच्या छपरांतून गेला.

यापुढची हकीकत खरी ध्यानांत घेण्याजोगी आहे. वेढा उठल्यावर अवघ्या एका वर्षानें, म्हणजे १६४७ मध्यें, सूतबाजाराची दुरुस्ती पुरी झाली. राजाचा शिरच्छेद व्हावयास अजून दोन वर्षें अवकाश होता. देशांत कोणाचें राज्य राहणार हेंहि ठरलें नव्हतें. तरी गांवानें बाजार पुन्हां उभा केला. किल्ल्याच्या नशिबीं उलट आलें. १६५० मध्यें पार्लमेंटच्या हुकमानें त्याच्या तटबंद्या पाडण्यांत आल्या, व राहता वाडा आणि दरवाजाची इमारत एवढेंच शिल्लक राहिलें. तीनच वर्षांच्या अंतरानें एकाच गांवांत एक छप्पर बांधलें गेलें आणि एक तट पाडला गेला. तटावांचून गांवाचें चाललें. बाजारावांचून चाललें नसतें.

पण जो घाव तोफेनें झाला नाहीं तो पुढें काळानें केला. इंग्लंडचा लोंकरीचा धंदा सांवरण्यासाठीं पार्लमेंटनें अनेक कायदे केले. त्यांपैकीं एक तर असा होता कीं, मेलेल्या माणसाला लोंकरीच्या कापडांतच पुरलें पाहिजे, नाहीं तर पांच पौंड दंड. १६६६ पासून सुरू झालेले हे निर्बंध १८१४ पर्यंत कायद्यांत राहिले. हिंदुस्थानच्या छिटांनीं तर लोंकरवाल्यांची झोंपच उडविली. म्हणून १७०० मध्यें हिंदी छिटें देशांत वापरण्यासाठीं आणण्यास बंदी झाली, आणि १७२१ मध्यें छापील सुती कापड अंगावर घालण्यासहि बहुतेक मनाई झाली. मच्छलीपट्टणचा छिपी आणि डन्स्टरचा विणकर यांनीं एकमेकांचें तोंडहि पाहिलें नव्हतें. तरी लंडनमध्यें झालेल्या एका ठरावानें एकाच्या पोटावर पाय देऊन दुसऱ्याचें पोट भरण्याचा प्रयत्न झाला.

तो प्रयत्नहि फार काळ पुरला नाहीं. लोंकरीच्या कापडाचें केंद्र हळूहळू उत्तरेकडे यॉर्कशायरांत सरकलें. मग अठराव्या शतकाच्या उत्तरार्धांत हारग्रीव्हजचें व आर्कराइटचें कातण्याचें यंत्र आलें, आणि अनेक हातांचें काम एक यंत्र करूं लागलें. याच सॉमरसेटमध्यें, शेप्टन मॅलेट येथें, १७७६ मध्यें यंत्रांविरुद्ध दंगा झाला. यंत्रयुगानें हिंदुस्थानांतील चरखे बंद पाडले हें आपल्याकडे सर्वांना ठाऊक आहे. पण त्याच यंत्रानें आधीं इंग्लंडच्या खेड्यांतील चरखे बंद पाडले, आणि त्या चरख्यांपाशीं बसणाऱ्या गरीब बायकांची मिळकत आधीं गेली, ही गोष्ट सहसा कोणी सांगत नाहीं.

डन्स्टरच्या सौंदर्याचें मर्म येथें उलगडतें. जेथें धंदा वाढतच गेला त्या गांवांत जुन्या इमारती पाडून कारखाने, चाळी व धुराडीं उठलीं. येथून धंदा निघून गेला, म्हणून जुनें मोडून नवें बांधण्याची निकड पडली नाहीं. रस्ता होता तसाच राहिला. बाजार रिकामा झाला, पण उभा राहिला. प्रवाशाला जी शांतता रम्य वाटते, ती एके काळीं गिऱ्हाइकें येईनाशीं झाल्याची शांतता होती. पुढें तीच शांतता गांवाच्या पोटापाण्याचें साधन झाली. १९५४ मध्यें एक्समूर हें राष्ट्रीय उद्यान म्हणून जाहीर झालें. १९७६ मध्यें, म्हणजे त्या जुन्या खरेदीखताला सहाशें वर्षें झालीं त्या सालीं, ल्यूट्रेल घराण्यानें किल्ला नॅशनल ट्रस्ट या संस्थेच्या हवालीं केला. सूतबाजार हें आतां संरक्षित स्मारक आहे.

स्मारकें बहुधा विजयांचीं असतात, नाहीं तर राजांचीं. डन्स्टरच्या हमरस्त्यावरील हें स्मारक एका छपराचें आहे. आतां तेथें सुताचा सौदा होत नाहीं. पण पश्चिमेकडून ढग आले आणि पाऊस कोसळूं लागला, म्हणजे रस्त्यावरचीं माणसें आजहि त्याच्या आश्रयास धांवतात. तीं वर पाहतात तों तुळईंतलें भोंक दिसतें, आणि त्यांच्या अंगावर मात्र पाणी पडत नाहीं. चारशें वर्षांपूर्वीं ज्या कामासाठीं तें बांधलें गेलें, तें काम तें अजून करीत आहे.